जबडा सोडायचा म्हणजे नेमकं काय? देवगिरी ते ऑपेरा हाउस



हे वाचताना एक क्षण थांबा आणि बघा, तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का? टेकलेले असतील तर तुमचा जबडा आत्ता काम करतोय, आणि तेही विनाकारण. आरामात असलेल्या जबड्यात ओठ मिटलेले असले तरी दातांमध्ये साधारण दोन ते चार मिलीमीटर फट असते. दात टेकायची गरज फक्त चावताना आणि गिळताना. पण सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर कसाबसा टेकलेल्या माणसाचा गाल जरा निरखून बघा. कानाखाली एक स्नायू टणक झालेला दिसेल. त्याचं नाव मॅसेटर. आकाराच्या मानाने शरीरातल्या ताकदवान स्नायूंमध्ये त्याची गणना होते, आणि गाणाऱ्या माणसाचा तो जुना वैरी आहे.

माझं पीएचडीचं काम स्वरांच्या ध्वनिशास्त्रावर आहे (इथे 'स्वर' म्हणजे अ, आ, इ, ई वाले स्वर, सा रे ग म नव्हे, मराठीत हा गोंधळ कायमचा). त्यामुळे गाणं शिकणाऱ्या मैत्रिणी एक प्रश्न हमखास विचारतात. गुरुजी म्हणतात, 'तोंड उघडून गा.' तोंड उघडलं की म्हणतात, 'जबडा ताठ झालाय, सैल सोड.' दोन्ही एकदम कसं करायचं?

प्रश्न रास्त आहे, आणि या गोंधळाची नोंद आपल्याकडे महाराष्ट्रातच, जवळजवळ आठशे वर्षांपूर्वी झालेली आहे. म्हणून आज थोडा इतिहास.

तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबांच्या काळात दक्षिणेत आलेलं. हा माणूस दरबारात हिशेबाचं काम बघायचा आणि वैद्यकातही मुरलेला होता. त्याने लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा आपला मानतात. सायन्सवाल्या माणसाला त्यातली एक गोष्ट फार आवडते. संगीतावरच्या या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात शरीर कसं घडतं, गर्भ कसा वाढतो, याचं सविस्तर वर्णन आहे. आधी शरीर, मग नाद, मग राग. हा क्रम मला पटतो.

तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायात त्याने वाईट गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत. ही यादी वाचताना हसू येतं, कारण यातले निम्मे लोक आपण कुठल्या ना कुठल्या गणेशोत्सवात ऐकलेले असतात. घाबरत गाणारा, कावळ्यासारखा गाणारा, उंटासारखी मान वर करून गाणारा, नाकात गाणारा, तालात चुकणारा, डोळे मिटून बसणारा. (शेवटच्या दोषाबद्दल माझं शार्ङ्गदेवाशी भांडण आहे, पण असो.)

आता या यादीतला पहिलाच दोष बघा: संदष्ट. म्हणजे दात आवळून गाणारा. आणि सातवा दोष: कराली. म्हणजे भेसूर वाटेल इतकं तोंड वासून गाणारा. पुढे झोंबक येतो, ज्याच्या कपाळावरच्या आणि गळ्यावरच्या शिरा गाताना फुगतात. मग तुंबकी, भोपळ्यासारखा फुगणारा. मग वक्री, मान वाकडी करणारा.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं, की संदष्ट आणि कराली दोघंही दोषीच आहेत. दात आवळणं ही चूक, म्हणून जितकं जास्त उघडाल तितकं चांगलं, असं शार्ङ्गदेव म्हणत नाही. एकाच यादीत तो दोन्ही टोकं ठेवतो. आजच्या अनेक क्लासमध्ये मात्र एकच सूचना ऐकू येते: 'अजून उघड, अजून उघड.' आणि संदष्ट असलेली मुलगी महिन्याभरात कराली होऊन बाहेर पडते.

शार्ङ्गदेवाच्याही आधीच्या शिक्षाग्रंथांमध्ये, म्हणजे वेदांच्या उच्चारणाच्या शास्त्रात, याच गोष्टीची एक सुंदर उपमा आहे. पाणिनीय शिक्षेत म्हटलंय की वाघीण जशी आपली पिल्लं दाढांमध्ये धरून नेते, पिल्लू पडूही नये आणि त्याला दात रुतूही नयेत, तसा वर्णांचा उच्चार करावा. उपमा उच्चारणाची आहे, गाण्याची नाही. पण जबड्याबद्दल इतकी नेमकी सूचना मी कुठल्याही आधुनिक पुस्तकात वाचलेली नाही. वाघिणीचा जबडा उघडा आहे, त्यात ताकदही आहे, पण ताठपणा नाही.

दोन्ही टोकं चूक का, हे शरीराला विचारू. दोन्ही हातांची बोटं कानांच्या अगदी पुढे ठेवा आणि हळूहळू तोंड उघडा. सुरुवातीला बोटांखाली फारसं काही होत नाही. जबडा नुसता बिजागरीसारखा फिरतो. पुढे एका क्षणी हाडाचा गोळा पुढे सरकल्यासारखा वाटतो आणि बोटांखाली खड्डा पडतो. हा सांधा असा दोन टप्प्यांत चालतो: आधी फिरणं, मग सरकणं.

पहिल्या टप्प्यात तोंड उघडायला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. मॅसेटर आणि कानशिलावरचा टेम्पोरालिस, हे दोन तोंड मिटणारे स्नायू सैल सोडले की जबड्याचं वजन त्याला खाली नेतं. खुर्चीत डुलकी लागलेल्या आजोबांचं तोंड उघडं पडतं ते असंच. दुसऱ्या टप्प्यात मात्र जबडा ओढावा लागतो. त्यासाठी हनुवटीखालचे स्नायू कामाला लागतात, आणि खरी गडबड तिथे होते. हे स्नायू एका बाजूने जबड्याला आणि दुसऱ्या बाजूने कंठिकास्थीला बांधलेले आहेत. कंठिकास्थी म्हणजे गळ्यातलं घोड्याच्या नालेसारखं छोटं हाड, दुसऱ्या कुठल्याही हाडाला न जोडलेलं, स्नायूंवर टांगलेलं. जिभेचं मूळ त्यावर आहे, आणि स्वरयंत्र त्याच्याखाली लोंबतं. म्हणजे हनुवटी जोर लावून खाली खेचली की तो ताण जिभेच्या मुळाशी आणि स्वरयंत्रापर्यंत पोहोचतो. दात आवळले तर आवाजाची वाट अरुंद होते, आणि ओढून उघडलं तर जिथून आवाज निघतो त्या जागेवरच ताण येतो.

म्हणून 'उघडणं' आणि 'सोडणं' या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आधी सोडायचं. मग जे उघडतं, त्यातलंच बहुतेक पुरतं.

युरोपातही हाच वाद होता, तो थोडक्यात सांगते. इटालियन गायनगुरू मांचिनी याने १७७४ मध्ये व्हिएन्नात छापलेल्या पुस्तकात तोंडाच्या स्थितीवर वेगळं प्रकरण लिहिलं. त्याचा सल्ला असा की सहज हसताना तोंड जसं होतं तसं ठेवा, दातांमध्ये माफक अंतर राहू द्या. म्हणजे त्याच्याकडेही शब्द 'माफक' हाच. पुढे मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये छोट्या आरशाच्या मदतीने स्वतःचं स्वरयंत्र गाताना पाहिलं आणि दुसऱ्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. तिथून आवाजाच्या अभ्यासकांचं लक्ष गळ्याच्या आत गेलं ते गेलंच. जबडा बिचारा बाहेर, सगळ्यांना दिसणारा, म्हणून मागे पडला असं मला वाटतं.

परत आपल्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महाराष्ट्रात गाणाऱ्यांवर एक नवीन ओझं आलं, ते म्हणजे नाटकगृह. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं संगीत नाटकाने महाराष्ट्र वेडा केला. माईक नाही. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत नुसता सूर नाही, शब्दही पोहोचला पाहिजे, कारण नाट्यपदात शब्द कळला नाही तर कथाच अडते. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व, सगळे याच परीक्षेतून गेलेले. शब्द स्पष्ट हवा तर जबडा सतत हलता हवा. प, ब, म ला ओठ मिटायचे, च, स ला दात जवळ आणायचे, आणि लगेच पुढच्या स्वराला सगळं मोकळं.

त्याच काळात ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजत होती आणि तिची मागणी उलटी होती: आकार. एकच स्वर, तोंड उघडं ठेवून, लांबच लांब ताना. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेले अल्लादिया खाँ यांच्या जयपूर-अत्रौली गायकीत आकाराला फार मोठं स्थान आहे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या, दोघी गोव्याच्या. केसरबाईंचं एक ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेलं हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर आज रात्री ऐका आणि फक्त त्यांच्या 'आ'कडे लक्ष द्या. आवाज भरदार आहे, पण ओरडल्याचा मागमूस नाही.

अल्लादिया खाँसाहेबांची एक हकीकत इथे सांगायलाच हवी. तरुणपणी अमलेटा संस्थानात असताना अतोनात गावं लागल्यामुळे त्यांचा आवाज गेला. बराच काळ गाणं जवळपास बंद. आवाज परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या पुस्तकातही घराण्याच्या शैलीचा संबंध त्याच्या प्रवर्तकाच्या आवाजाच्या जातीशी जोडलेला आहे. मला यातून एक अडचणीची गोष्ट दिसते. गुरूची गायकी ही गुरूच्या गळ्याला आणि जबड्याला शिवलेला अंगरखा असते. शिष्य समोर बसून फक्त राग शिकत नाही, तोंडाचा आकारही उचलतो. गुरूची हनुवटी किंचित डावीकडे जात असेल तर चार शिष्यांच्या हनुवट्या डावीकडे जातात. शार्ङ्गदेवाचा 'वक्री' अशा रीतीने परंपरेने मिळतो! गुरूच्या हाडांना जे सहज जमत होतं, ते शिष्याला ओढून आणावं लागतं.

ही गाठ मुंबईत ज्यांनी मनावर घेतली ते प्रा. बी. आर. देवधर. जन्म १९०१, मिरजेचा. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ऑपेरा हाउसजवळ स्कूल ऑफ इंडियन म्युझिक सुरू केलं. कुमार गंधर्व लहान वयात शिकायला आले ते इथेच. देवधरांनी जोव्हानी स्क्रिंझी यांच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं आणि 'व्हॉइस कल्चर' या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. पलुसकरांचा शिष्य पाश्चात्त्य कंठशास्त्र शिकतोय, हे त्या काळात साधं नव्हतं. आवाज ही फक्त देवाची देणगी किंवा घराण्याची पुंजी नाही, ती शरीराची क्रिया आहे आणि शरीराच्या इतर क्रियांसारखी ती सुधारता येते, हा विचार त्यांच्यामुळे इथल्या शिक्षणात आला.

त्यांच्याकडूनच हा विषय डॉ. अशोक रानडे (१९३७–२०११) यांच्याकडे गेला. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. रानड्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. आवाजाचं शिक्षण त्यांनी फक्त गायकांपुरतं ठेवलं नाही, नटांनाही दिलं. बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज एकाच शरीरातून येतो, मग दिवसभर दात आवळून बोलणारा माणूस संध्याकाळी क्लासला जाऊन एकदम सैल जबड्याने कसा गाईल?

देवधरांनी शाळा काढली त्याच सुमारास तंत्रज्ञानही बदललं. २३ जुलै १९२७ ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं, आणि पुढे माईक सगळीकडे पोहोचला. मोठ्या आवाजाची सक्ती संपली. पण 'तोंड उघड' ही नाटकगृहाच्या काळातली सूचना तशीच राहिली. कारण गेलं आणि नियम उरला.

मग आज तो नियम किती लागू आहे? इथे माझ्या अभ्यासाचा उपयोग होतो, म्हणून थोडे आकडे. आपलं तोंड आणि घसा मिळून एक नळी होते. या नळीला काही ठरावीक कंपनसंख्या आवडतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. पहिल्या फॉर्मंटवर जबड्याचा थेट ताबा असतो. जबडा खाली गेला, नळीचं बाहेरचं तोंड तुतारीसारखं मोठं झालं, की पहिला फॉर्मंट वर चढतो. बाईच्या आवाजात 'ई'चा पहिला फॉर्मंट साधारण ३०० ते ४०० हर्ट्झ, 'आ'चा ८५० च्या आसपास किंवा थोडा वर.

स्टॉकहोमच्या योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की ऑपेरातल्या सोप्रानो गायिका सूर जसजसा चढेल तसतसा जबडा उघडत जातात. सूर फॉर्मंटच्या वर निघून गेला तर आवाज फिका पडतो, म्हणून त्या फॉर्मंटला सुराबरोबर वर नेतात. त्यांचा सर्वांत वरचा 'सी' हजार हर्ट्झच्याही पुढे असतो. त्यांना जबडा मोठा उघडावाच लागतो.

आता आपली गायिका घ्या, काळी चार पट्टीत गाणारी. तिचा मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झ, तार षड्ज ४१५, तार पंचम ६२३ च्या आसपास. म्हणजे आकारात ती तार पंचमापर्यंत गेली तरी सूर 'आ'च्या पहिल्या फॉर्मंटच्या खालीच आहे. ऑपेराच्या गायिकेची अडचण तिला आकारात येतच नाही! सहज सोडलेला जबडा तिला पुरतो. पण 'ई' घेऊन तार षड्जाला गेली तर सूर फॉर्मंटच्या वर जातो, आणि तिथे जबडा 'ई'च्या जागी अडकवून ठेवला तर आवाज चिमटल्यासारखा येतो. तिथे जबडा खाली येऊ द्यायलाच हवा, मग 'ई' थोडी 'ए'कडे झुकली तरी चालेल. तयार गायिका हे न सांगता करतात. मी नाहूरला घरी शेवटची लोकल गेल्यावर (त्याआधी रेकॉर्डिंगमध्ये रुळांचाच खर्ज भरतो) एका मैत्रिणीकडून दोन्ही प्रकारे 'ई' गाऊन घेतली. आलेख बघायची गरजच पडली नाही, कानालाच फरक कळला.

म्हणजे जिथे सगळ्यात जास्त 'उघड, उघड' म्हटलं जातं त्या आकारात सोडणं पुरेसं असतं, आणि खरी मदत लागते ती ई आणि ऊ वरच्या तार सप्तकातल्या बोलांना. हे उलटं शिकवलं जातं, अशी माझी तक्रार आहे.

सोडायला शिकायचं कसं? जुना खर्जाचा रियाझ यासाठी उत्तम आहे. खालच्या सुरांत जोर लावून काही मिळतच नाही, त्यामुळे जबडा आपोआप सुटतो. जांभई देऊन तिच्या शेवटच्या उसाशावर आवाज सोडणं हाही चांगला उपाय. व्हिएन्नात काम केलेले वाचातज्ज्ञ एमिल फ्रोशेल्स तर रुग्णांना चघळायला लावायचे: तोंडात घास आहे असं समजून चावत चावत आवाज काढा, मग शब्द, मग वाक्य. चावताना जबडा ताठ ठेवताच येत नाही, एवढं साधं तर्कशास्त्र. तळव्याने गालांवरून खाली हलका हात फिरवत आकार लावून बघा. हाताबरोबर जबडा खाली आला तर ठीक. मध्ये अडला, तर तिथे मॅसेटर अजून धरून बसलाय. दातांमध्ये बूच किंवा पेन्सिल धरून सराव करणं मला पटत नाही. वस्तू दातांत आली की माणूस ती चावतो, म्हणजे जो स्नायू सोडायचा त्यालाच आपण काम देतो.

आणि एक गोष्ट अशी आहे जिथे रियाझ कामाचा नाही. आपली तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक ठेवून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. बहुतेक मोठ्या माणसांचं तोंड चाळीस ते पन्नास मिलीमीटर उघडतं, त्यामुळे तीन बोटं सहसा जातात. जात नसतील, आणि सुपारी, मावा किंवा गुटख्याची सवय असेल किंवा होती, तर तो ताण नसून सबम्यूकस फायब्रोसिस असू शकतो. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर घट्ट, तंतुमय होत जातं आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. यातून पुढे कर्करोगाचाही धोका असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी प्रत्येक पानाच्या गादीवर आहे, आणि मैफिलीनंतरच्या तबकातही. अशा माणसाला 'जबडा सैल सोड' म्हणून काही होणार नाही. तिखट खाल्लं की तोंडात आग होणं ही याची सुरुवातीची खूण. ती जाणवत असेल तर आधी सुपारी थांबवा आणि याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा.